इलेक्ट्रिक टूथब्रश पुन्हा पुन्हा मान टाकतो? बॅटरी बदलण्याआधी हे तपासा

तक्रार साधारण अशी असते. रात्रभर चार्जरवर उभा ठेवलेला ब्रश सकाळी दोन मिनिटंही चालत नाही. किंवा चालू होतो, घरघरतो आणि तोंडात असतानाच बंद पडतो. दुकानदार म्हणतो, बॅटरी गेली, नवा घ्या. हौशी माणूस नवा घेत नाही, बॅटरी मागवून बदलतो. काही महिने बरे जातात आणि मग पुन्हा तेच रडगाणं.

नातेवाइकांचे आणि सोसायटीतल्यांचे असे ब्रश माझ्याकडे येत असतात. ते उघडून पाहिल्यावर झालेलं मत आधीच सांगून टाकतो. बॅटरी बहुतेक वेळा शेवटी मरते. त्याआधी बरेच दिवस कुठून तरी पाणी आत झिरपत असतं. ती वाट बुजवल्याशिवाय नुसती बॅटरी बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. म्हणून खालचा क्रम बाहेरून आत जाणारा आहे. स्क्रूड्रायव्हर शेवटी येतो, आणि बऱ्याच जणांवर त्याची वेळच येणार नाही.

हा बिघाडच नाही, असं तर नाही ना?

बटण दाबल्यावर ब्रश फक्त बीप करतो किंवा एक लाइट लुकलुकते, पण फिरत नाही? बॅगेत चुकून चालू होऊ नये म्हणून अनेक ब्रशांना प्रवासासाठीचं लॉक असतं. बटण तीन ते पाच सेकंद दाबून धरलं की ते लागतं आणि तसंच निघतं. काही ब्रश चालू चार्जरवर ठेवले तरी लॉक सुटतं. गावाहून परत आल्यावर ‘मेलेला’ निघालेला ब्रश आधी असा तपासायचा.

नवा सॉनिक ब्रश (डोकं गोल फिरण्याऐवजी वेगाने थरथरणारा) पहिल्या आठवड्यात कमी जोराने चालतो, अशीही तक्रार येते. हिरड्यांना सवय व्हावी म्हणून काही कंपन्या सुरुवातीला जोर मुद्दाम कमी ठेवतात. फिलिप्स सोनिकेअरमध्ये तो पहिल्या १४ वेळा घासताना हळूहळू वाढत जातो. दातांवर दाबलं की ब्रश मंदावतो किंवा लाल लाइट लागते, तीही दाबाच्या सेन्सरची करामत. हात हलका ठेवायचा, बस. आणि बरोबर दोन मिनिटांनी आपोआप बंद होणारा ब्रश त्याचं काम चोख करतोय. तो टायमर आहे.

शेवटचा प्रकार महिनोन्‌महिने कपाटात पडून राहिलेल्या ब्रशचा. बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर चार्जरवर ठेवल्याबरोबर लाइट लागत नाही. पंधरा मिनिटं, कधी अर्धा तासही लागू शकतो. लोक दोन मिनिटं बघतात आणि निकाल लावतात. अशा ब्रशला सलग २४ तास चार्जरवर राहू द्या, मग काय ते ठरवा.

चार्जर: आधी त्याच्या पोटावरचं लेबल वाचा

हे आपल्याकडे सगळ्यात जास्त घडतं, म्हणून जरा सविस्तर. मुलगा किंवा सून अमेरिकेहून येताना सवलतीत मिळालेला छानसा ब्रश आणते. चपट्या पिना आपल्या सॉकेटमध्ये बसत नाहीत म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून अडॅप्टर येतो. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. व्होल्टेज जिथल्या तिथेच राहतं. अमेरिकेत घरात १२० व्होल्ट येतात, आपल्याकडे २३०.

चार्जर उलटा करा. इनपुटपुढे १००–२४० व्होल्ट लिहिलं असेल तर निश्चिंत राहा, कुठेही चालेल. ११०–१३० किंवा नुसतं १२० लिहिलं असेल तर तो आपल्या सॉकेटमध्ये लावायचा नाही. आधीच लावून झाला असेल आणि तेव्हा जळका वास आला असेल, तर चार्जर गेला. ब्रश मात्र बहुतेक शाबूत असतो, कारण दोघांमध्ये तारेचा संबंधच नाही. चार्जरमधल्या कॉइलभोवती (म्हणजे तारेच्या वेटोळ्याभोवती) वेगाने बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ब्रशच्या तळातल्या दुसऱ्या कॉइलमध्ये त्यातून वीज निर्माण होते. एकच ट्रान्सफॉर्मर मधोमध कापून अर्धा चार्जरमध्ये आणि अर्धा ब्रशमध्ये बसवलाय म्हणा ना. त्यामुळे त्याच कंपनीचा, त्याच जातीच्या ब्रशसाठी भारतात विकला जाणारा चार्जर आणला की काम होतं. व्होल्टेज कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरही चालतो. या चार्जरना एक-दोन वॉटच लागतात, छोटासा पुरतो.

चार्जर चालू आहे की नाही हे कसं कळणार? पुष्कळ चार्जरना लाइटच नसते. तासभर चालू ठेवून हात लावा. किंचित कोमट लागला तर आत काहीतरी चाललंय. याहून पक्की खूण हवी असेल तर वार्निश केलेल्या बारीक तांब्याच्या तारेचे वीस-पंचवीस वेढे चार्जरच्या मधल्या खुंटीवर सैल बसतील असे गुंडाळा. तारेची दोन्ही टोकं खरवडून त्यांना एक साधी लाल एलईडी जोडा. वेढे खुंटीवर सरकवल्यावर एलईडी उजळली तर चार्जर ठणठणीत आहे. नाही उजळली तर लगेच त्याला दोष देऊ नका. काही नवे चार्जर समोर खरा ब्रश आहे असं कळेपर्यंत पूर्ण जोर लावतच नाहीत. मग शेजाऱ्यांकडे त्याच जातीचा ब्रश असेल तर तो ठेवून बघणं सगळ्यात सोपं.

चार्जर उघडून दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. तो आतून राळेने भरून बंद केलेला असतो, एका बाजूला २३० व्होल्ट असतात आणि जागा बाथरूममधली. वायर तडकली असेल, आतून गुणगुण येत असेल, तर सरळ नवा घ्या.

हल्ली आपल्याकडच्या स्वस्त ब्रशांना चार्जिंगची खुंटीच नसते. तळाशी किंवा पाठीला रबरी झाकणाखाली टाइप-सी पोर्ट असतो. त्यांची एक मजेशीर तक्रार आहे: ‘मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होत नाही, लॅपटॉपवर होतो.’ दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली की समोरच्या उपकरणात ठरावीक रेझिस्टर (विजेला अडथळा करणारे बारीक भाग) सापडल्याशिवाय चार्जर वीज सोडतच नाही. पैसे वाचवायला बनवणारे ते दोन रेझिस्टर गाळतात. उपाय फुकटातला आहे. एका टोकाला जुनं चपटं यूएसबी असलेली केबल वापरा. तिच्यातून वीज न विचारता येते. तरीही चार्ज होत नसेल तर झाकण उघडून पोर्टमध्ये टॉर्च मारा. आत हिरवट थर दिसला तर पाणी पोचलंय. बारीक ब्रशवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने साफ करा आणि पूर्ण वाळल्याशिवाय केबल लावू नका.

मानेचं दुखणं

आता मुख्य संशयित. ब्रशचं डोकं काढा. हँडलमधून वर आलेली धातूची दांडी दिसेल आणि तिच्या बुडाशी रबराची सील. हीच ब्रशची मान. दांडी सेकंदाला शेकडो वेळा हलते आणि रबराने ती हालचालही सोसायची आणि पाणीही अडवायचं. सोनिकेअरसारखा सॉनिक ब्रश मिनिटाला ३१,००० फटके मारतो, म्हणजे हा रबराचा तुकडा केवढं राबतो बघा.

तिथे पेस्टचा राखाडी-काळा गाळ साठलेला असेल. बहुतेक जण तो पहिल्यांदाच पाहतात आणि तोंड वाकडं करतात. घाणीपेक्षा वाईट गोष्ट अशी की पेस्टमध्ये दात घासायला बारीक कठीण कण असतात, सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेट. तेच वाळून सीलखाली अडकले की रबर घासत राहतात. इलेक्ट्रिक ब्रशवर लाल किंवा काळं मंजन घेणारे एक काका मला माहीत आहेत. मंजनाची पूड पेस्टपेक्षा भरड असते. दात त्यांचे पक्के आहेत, ब्रश टिकत नाहीत. बोअरचं जड पाणी असेल तर वर क्षाराचा पांढरा थर चढतो आणि तो सील नीट बसू देत नाही.

साफ करताना टाचणी, सुरी असलं काही वापरू नका, रबर फाटेल. कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा पाच मिनिटं मानेभोवती गुंडाळून ठेवा, मग जुन्या साध्या टूथब्रशने घासा. क्षार असतील तर पाण्यात थोडं व्हिनेगर, पण नंतर भरपूर स्वच्छ पाणी. डोकं दांडीवर घट्ट बसून निघतच नसेल तर तेही याच गाळामुळे. कोमट पाण्यात बुडवून ठेवून सरळ वर ओढा, पिळू नका.

गळती आहे की नाही हे पाहायची चाचणी सोपी आहे आणि काहीही उघडावं लागत नाही. ब्रशचं डोकं काढून ठेवा. अंगाला सोसेल इतक्या कोमट पाण्याच्या उंच पेल्यात हँडल दांडीसकट पूर्ण बुडवा आणि नीट बघत राहा. उबेने आतली हवा फुगते आणि जिथून वाट मिळेल तिथून बुडबुड्यांची माळ निघते. मानेपाशी, तळाच्या झाकणापाशी की बटणाच्या कडेने, ते लगेच कळतं. पृष्ठभागाला चिकटलेले सुटे बुडबुडे सोडून द्या. एकाच जागेवरून पाठोपाठ येत राहिले तर ती गळती. माळ दिसताक्षणी ब्रश बाहेर काढा, कारण तो पाण्यातच गार झाला तर आतली हवा आकसून पाणी ओढून घेईल.

रोजच्या वापरात अगदी हेच होत असतं. हिवाळ्यात गरम पाण्याने ब्रश धुतला, डोकं तसंच ठेवून ओला उभा केला की थंड होताना तो मानेपाशी साचलेलं पाणी थोडं थोडं आत घेतो. बॉक्सवर आयपीएक्स७ लिहिलेलं असतं हे खरं. त्याचा अर्थ नवं उपकरण एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकतं, एवढाच. दोन वर्षं पेस्टने घासलेल्या रबराबद्दल तो आकडा काही सांगत नाही.

बंद पडण्याच्या तऱ्हेवरून निदान

उघडण्याआधी ब्रश नेमका कसा बंद पडतो ते दोन-तीन दिवस पाहा. पूर्ण चार्ज करून जोरात सुरू होतो आणि मिनिटाभरात हळूहळू मंदावत थांबतो, ही थकलेल्या बॅटरीची खूण. जोरात चालता चालता एकदम बंद होतो, हलवला किंवा ठोकला की पुन्हा सुरू होतो, तर आत कुठेतरी सुटलेलं सोल्डर (तारा जोडणारं कथील) किंवा गंजलेला संपर्क. मध्यरात्री आपोआप सुरू होतो, बटण दाबूनही थांबत नाही, किंवा मोड आपले आपण बदलतात, तर बटणाखाली ओल आहे. अशा ब्रशची बॅटरी बदलून काडीचाही फरक पडत नाही. मात्र रात्रभर नकळत चालू राहून तो ती रिकामी करतो आणि दोष बॅटरीला लागतो.

आवाज मोठा झालाय पण दात साफ होत नाहीत, ही सॉनिक ब्रशची खास तक्रार. तिच्याकडे पुढे येतो.

उघडायचा, पण कसा

वॉरंटी शिल्लक असेल तर इथेच थांबा आणि बिल शोधा. उघडलेल्या ब्रशवर कुणी वॉरंटी देत नाही.

बरेच ब्रश तळातून उघडतात. तळाच्या झाकणाला खाच असते. तिच्यात चपटा स्क्रूड्रायव्हर घालून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की झाकण सुटतं. मग ब्रश उलटा धरून दांडी लाकडी पाटावर टेकवायची आणि हँडल खाली दाबायचं. आतला सगळा सांगाडा तळातून सरकत बाहेर येतो. झाकण हटत नसेल तर हेअर ड्रायरने मिनिटभर गरम करा. काही सॉनिक ब्रशांच्या माहितीपुस्तिकेत बॅटरी काढायची पद्धत अशी दिलेली असते की हँडल टॉवेलमध्ये गुंडाळून तळाच्या वर हातोडी मारा. ती भंगारात देण्यापूर्वीची पद्धत आहे, दुरुस्तीची नाही. ज्या ब्रशला अशीच पद्धत दिली आहे तो घरी उघडून पुन्हा पाणबंद होईल ही आशा फारशी धरू नका.

सांगाडा हातात आला की पहिलं काम, मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो. बॅटरीची अधिक आणि वजा टोकं फोटोत स्पष्ट दिसली पाहिजेत. तळाशी असलेली कॉइल जपा. तिच्या तारा केसाएवढ्या बारीक असतात आणि एक तुटली की सगळा खटाटोप तिथेच संपतो.

मग पाण्याच्या खुणा शोधा. सर्किट बोर्डावर बुरशीसारखा पांढरट-हिरवा थर, बॅटरीच्या कडेला गंज, मानेकडच्या भागात वाळलेली पेस्ट. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने बोर्ड धुऊन काढा आणि दिवसभर पंख्याखाली उघडा ठेवा. तांदळाच्या डब्यात पुरायची गरज नाही. उघड्या बोर्डाला वारा लागणं तांदळापेक्षा केव्हाही चांगलं, आणि डब्यातली बारीक पूड बोर्डावर बसते ती वेगळीच. कोकणात ऐन पावसाळ्यात हे काम करत असाल तर दिवसाऐवजी दोन दिवस द्या.

बटणाखाली बोर्डावर साधारण ६ बाय ६ मिलिमीटरचा छोटा चौकोनी टॅक्ट स्विच असतो. मल्टिमीटर (व्होल्टेज वगैरे मोजायचं यंत्र) बीपवर ठेवून त्याच्या दोन बाजूंना टोकं लावा. दाबल्यावरच बीप यायला हवी. न दाबताही आली तर स्विच आतून गंजलाय, किंवा ओलीने दोन टोकं जुळलीत. धुऊन सुकवूनही तसाच राहिला तर बदला. असे स्विच मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत किरकोळ पैशांत मिळतात.

बॅटरी: तीन गोष्टी चुकवायच्या नाहीत

पहिली म्हणजे जात. १.२ व्होल्ट लिहिलेली बॅटरी निकेल-मेटल हायड्राइड, जुन्या ब्रशांत निकेल-कॅडमियम. ३.६ किंवा ३.७ व्होल्टची लिथियम-आयन. काढलेल्या जातीचीच नवी बसवायची. ‘जास्त ताकदीची’ म्हणून निकेलच्या जागी लिथियम बसवली तर ब्रशचं चार्जिंग सर्किट तिला तिच्या नियमांनी चार्ज करणार नाही. चार्जच होणार नाही, किंवा प्रमाणाबाहेर चार्ज होऊन पेट घेईल. टाइप-सी पोर्ट असलेल्या १.५ व्होल्टच्या रिचार्जेबल पेन्सिल सेलही इथे कामाच्या नाहीत.

दुसरी म्हणजे मोजमाप. ब्रश चालू असताना बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. बंद असताना मोजून काही कळत नाही, मेलेली बॅटरीसुद्धा आरामात १.२५ दाखवते. निकेलची बॅटरी ब्रश सुरू करताच १ व्होल्टच्या खाली घसरली तर तिचे दिवस भरले. लिथियमची पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ च्या आसपास हवी. ती २.५ च्याही खाली पडून राहिलेली असेल तर बाहेरच्या चार्जरने जबरदस्तीने उठवायचा उद्योग करू नका. फुगलेली दिसली तर अजिबात नाही. आणि बॅटरी चांगली असूनही चार्जरवर ठेवल्यावर तासाभरात व्होल्टेज जराही वर सरकत नसेल, तर दोष कॉइलमध्ये किंवा चार्जिंग सर्किटमध्ये आहे. नव्या बॅटरीचे पैसे वाचले.

दुकानात ‘टूथब्रशची बॅटरी द्या’ म्हणून उपयोग नाही. व्यास आणि लांबी मोजून न्या. १४५०० लिहिलेली लिथियम बॅटरी १४ मिलिमीटर जाड आणि ५० मिलिमीटर लांब असते, म्हणजे आपल्या नेहमीच्या पेन्सिल सेलच्या मापाची. पण काही ब्रशांत १७ मिलिमीटर जाड आणि ४२ मिलिमीटर लांब निकेलची बॅटरी असते, आणि पेन्सिल सेल तिथे बसत नाही. एक-दोन मिलिमीटर लांब बॅटरी घुसवली की तळाचं झाकण पूर्ण बसत नाही आणि गळतीला नवी वाट मिळते.

तिसरी म्हणजे सोल्डरिंग. पत्र्याच्या पट्ट्या आधीच स्पॉट वेल्ड केलेली (म्हणजे कारखान्यातच टाचून बसवलेली) बॅटरी मागा आणि सोल्डर त्या पट्ट्यांवरच करा. बॅटरीच्या अंगावर थेट गरम टोक टेकवलं तर आतली सील आणि पडदा भाजतो. निकेलची बॅटरी अधू होते, लिथियमची धोकादायक. पट्टीवर आधी थोडं सोल्डर चढवून घ्या, मग दोन-तीन सेकंदांत जोड मारा. अधिक-वजा उलटं झालं तर बोर्ड तत्क्षणी जातो, म्हणून जोडण्याआधी तो फोटो पुन्हा बघा.

१९५४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेला ब्रॉक्सोडेंट हा सुरुवातीचा इलेक्ट्रिक टूथब्रश थेट भिंतीतल्या सॉकेटवर चालायचा. त्याला ही बॅटरीची डोकेदुखी नव्हती. ओल्या हातात विजेची वायर धरण्याची होती. तेव्हा आपली बॅटरीच बरी.

आवाज मोठा, जोर कमी

फिरणाऱ्या गोल डोक्याच्या ब्रशमध्ये साधारणपणे छोटी मोटर आणि तिच्या हालचालीला अर्धवर्तुळात फिरवणारी यंत्रणा असते. तिथे खडखड आली तर बहुतेकदा डोकंच झिजलेलं असतं. नवं डोकं लावून बघा, खर्च तेवढाच.

सॉनिक ब्रशचं तसं नाही. त्यात फिरणारी मोटर नसते. दांडीला चुंबकं जोडलेली असतात, समोर कॉइल असते आणि दांडी एका ठरावीक लयीत थरथरते. दांडी, पोलादी पट्टी आणि डोकं मिळून ही लय जमवलेली असते, म्हणून इतक्या कमी विजेत एवढा जोर मिळतो. दांडी धरून ठेवणारे स्क्रू थरथरून ढिले झाले की लय बिघडते. सगळी ताकद खडखडाटात जाते आणि डोक्यापर्यंत पोचत नाही. हँडल हातात झिणझिण्या आणतं आणि ब्रशचे केस दातांवर नुसते टेकलेले राहतात.

यावर आधी डोकं काढून ब्रश चालू करा. आवाज नाहीसा झाला तर डोकं सैल आहे, तेच बदला. डोक्याशिवायही खडखडत असेल तर सांगाडा बाहेर काढून दांडीजवळचे स्क्रू घट्ट करा. स्क्रूच्या आट्यांवर त्यांना लॉक करणाऱ्या द्रावाचा एक थेंब टाकायचा, पण प्लॅस्टिकला लागू द्यायचा नाही. काही प्लॅस्टिक त्याने तडकतं. स्क्रू ज्यात बसतो तो प्लॅस्टिकचा भागच चिरलेला असेल तर मी तिथे प्रयत्न सोडतो. फेव्हीक्विक त्या थरथरीपुढे टिकत नाही.

बंद करताना

पुन्हा पुन्हा येणारा बिघाड इथे थांबतो किंवा इथूनच परत सुरू होतो. तळाच्या झाकणाचा जुना रबरी ओ-रिंग (गोल कडं) बाहेर काढून पुसा. त्यावर एक केस किंवा कापसाचा तंतू राहिला तरी पाण्याला तेवढा पुरतो. चपटा झाला असेल तर त्याच मापाचा नवा घाला. त्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. घरात आहे म्हणून व्हॅसलीन लावू नका, काही जातीचं रबर पेट्रोलियमने फुगतं. मानेच्या सीललाही बाहेरून तेच ग्रीस, अगदी नावापुरतं.

झाकण तुटलं असेल आणि सिलिकॉन सीलंटने चिकटवायचं असेल तर ट्यूब नीट निवडा. खिडक्या-बेसिनसाठी मिळणाऱ्या ज्या स्वस्त सीलंटला व्हिनेगरसारखा वास येतो त्यातून सुकताना ॲसेटिक ॲसिड बाहेर पडतं आणि बंद हँडलमध्ये ते तांब्याला खातं. पाण्यापासून वाचवलेला बोर्ड ॲसिडच्या हवाली होतो. ट्यूबवर ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं घ्या.

बंद केल्यावर कोमट पाण्याच्या पेल्याची चाचणी पुन्हा करा. बुडबुडे आले तर चार्ज करू नका, परत उघडा. नाही आले तर २४ तास चार्ज करा. यापुढे घासून झाल्यावर डोकं काढून मान धुवायची, पुसायची, आणि डोकं वेगळं सुकू द्यायचं. निकेलची बॅटरी असेल तर सहा महिन्यांतून एकदा चार्जरवरून उतरवून पूर्ण संपेपर्यंत वापरायची, मग भरायची. लिथियमला याची गरज नाही.

पेन्सिल सेलवर चालणाऱ्या साध्या ब्रशांचं थोडक्यात. अल्कलाइन सेल गळून पांढरी पूड जमली असेल तर कापसाच्या काडीवर व्हिनेगर घेऊन पुसा, मग अल्कोहोल, मग संपर्काची पट्टी खोडरबराने घासा. गळालेल्या सेलला उघडा हात लावू नका, आतला द्राव कातडी जाळतो. गावाला जाताना सेल काढून ठेवा.

काढलेल्या जुन्या बॅटरीच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा, म्हणजे डब्यात कशाला टेकून शॉर्ट होणार नाही. ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, किंवा जिथून नवी घेतली तो दुकानदार जुनी घेतो का ते विचारा.